बंदुकीचा कुंदा

मुरुडच्या दक्षिणेस, राजपुरीच्या खाडीवर, आगरदांडा हें बंदर आहे. पलीकडच्या तीरावर दिघी, आणि खाडीच्या तोंडाशीं समुद्रांत जंजिरा. मुंबई-पुण्याकडील मंडळी जंजिरा पाहावयास येतात, कलालबांगडी तोफेपाशीं उभी राहून छायाचित्रें काढून घेतात आणि परत फिरतात. तोफ किती लांब, किती वजनाची, तिचा गोळा कोठवर जाई, हे प्रश्न प्रत्येक वाटाड्यास विचारले जातात. ज्या लांकडी गाड्यांवर अशा तोफा बसवीत ते गाडे काय झाले, असें कोणी विचारल्याचें मीं तरी ऐकिलेलें नाहीं. धातु राहिला, लांकूड गेलें. आणि जें गेलें त्याची विचारपूस करण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय तोफेहून पुष्कळ लहान आहे, पण प्रश्न तोच आहे. बंदुकीच्या नळीखालीं जें लांकूड असतें त्यास आपले जुने लोक कुंदा म्हणत. त्याचा मागचा, खांद्यास टेंकावयाचा भाग तो दस्ता. नळी, चाप, घोडा यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. कुंद्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं, कारण तो बदलतो. एका नळीच्या आयुष्यांत दोन-तीन कुंदे सहज होऊन जातात. माझें म्हणणें असें आहे कीं, बंदूक कोणाच्या हातांत होती, कोणत्या हवेंत होती, आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणास होता, हें बदलणारें लांकूडच आपणांस सांगतें. नळी एवढें सांगत नाहीं.

प्रथम हें लांकूड करतें काय तें पाहूं. दारू पेटून गोळी पुढें सुटली म्हणजे बंदुकीस मागें रेटा बसतो, आणि तो कुंद्यांतून खांद्यांत उतरतो. दस्ता रुंद असेल तर धक्का पसरतो; अरुंद असेल तर तो हाडांत शिरतो. दुसरी गोष्ट डोळ्याची. नेम धरतांना डोळा नळीच्या रेषेंत आला पाहिजे, आणि गाल मात्र लांकडावर टेंकला पाहिजे. म्हणून दस्ता नळीच्या रेषेहून खालीं उतरता ठेवतात. तिसरी गोष्ट हाताची. चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतचें अंतर धरणाराच्या हाताच्या मानानें असावें लागतें. उंच माणसाची बंदूक ठेंगण्याच्या हातीं दिली तर त्याचें बोट चापापर्यंत नीट पोहोंचत नाहीं. ठेंगण्याची उंचाच्या हातीं दिली तर बार होतांच त्याचा स्वतःचाच आंगठा नाकावर आपटतो. शिंप्यानें अंगरखा बेतावा तशीच ही गोष्ट आहे. नळी लोहाराची आणि कुंदा धन्याचा, असें म्हटलें तरी चालेल.

आपल्या किनाऱ्यावर ह्या कारागिरीचा जुना पत्ता लागतो तो गोव्यास. आल्फोंस द आल्बुकेर्क यानें १५१० मध्यें आदिलशाहीकडून गोवें घेतलें, तेव्हां बंदुका घडविणारे कुशल कारागीर त्यास तेथें आयतेच मिळाले. १५१३ मध्यें पोर्तुगालच्या राजास लिहितांना, हे लोक बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, अशी त्यानें त्यांची वाखाणणी केली आहे. गोव्याच्या ह्या बंदुकांचा कुंदा आंखूड असे. तो खांद्यास न लावतां गालाशीं धरून बार काढीत. पुढें १५४३ मध्यें पोर्तुगीज लोक जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. तेथील सरदारानें त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि त्यांच्या नमुन्यावर जपानांत बंदुका होऊं लागल्या. जपानी बंदुकीचा कुंदा त्यानंतर तीनशें वर्षें तसाच आंखूड, गालाशीं धरावयाचा राहिला. त्याचें मूळ गोव्याच्या कारखान्यांत आहे असें ह्या विषयाचे अनेक अभ्यासक मानतात. हा माग लागला तो कुंद्याच्या व चापाच्या घडणीवरून. गोव्याच्या सुताराच्या हाताचें वळण जपानांत जाऊन राहिलें, आणि त्या सुताराचें नांव मात्र कोठेंच नाहीं.

दख्खनमधील व उत्तरेकडील तोड्याच्या बंदुकीचा कुंदा याहून निराळा. तो सडपातळ, लांब व बहुधा सरळ असे. नळी त्याच्या खोबणींत बसवून तिच्याभोंवतीं चामड्याच्या वाद्या, तार किंवा धातूच्या पट्ट्या आवळीत. पेटता तोडा कानाशीं नेणारा आंकडा कुंद्याच्या पोटांतील फटींत बसे, आणि दोहों बाजूंस लोखंडी पत्रे जडवीत. ही बांधणी दिसावयास साधी. पण तींत एक मोठी सोय होती. वाद्या सोडल्या कीं नळी मोकळी होई. नळीस धक्का न लावतां जुनें लांकूड काढून नवें घालतां येई, आणि त्यासाठीं शहरचा कारखाना नको होता. गांवचा सुतार व गांवचा लोहार मिळून हें काम करूं शकत.

ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत शिवाजी महाराजांच्या पायदळाचें वर्णन करतांना घांटावरच्या मावळ्यांच्या बरोबरीनें कोंकणांतील हेटकऱ्यांची वाखाणणी केली आहे. मावळ्यांचा भर तरवारीवर, हेटकऱ्यांचा नेमावर. नेमबाज माणूस दुसऱ्याच्या बंदुकीनें नेम धरीत नाहीं, हें शिकार करणारा कोणीही सांगेल. हेटकऱ्याची बंदूक त्याच्या गालास व खांद्यास बसलेली असली पाहिजे, आणि ती बसवून देणारा माणूस त्याच्या गांवांत असला पाहिजे. बखरकारांनीं हेटकऱ्यांचें नांव घेतलें. त्यांच्या सुताराचें घेण्याचें त्यांस कारण नव्हतें.

आतां हवेविषयीं. राजपुरीच्या खाडीवर बंदुकीच्या दारूचा धूर जितका झाला तितका कोंकणच्या थोड्याच खाड्यांवर झाला असेल. १६७१ च्या होळीच्या रात्रीं सिद्द्यानें मराठ्यांच्या हातून दंडा राजपुरी परत घेतली आणि तेथील दारूचें कोठार उडालें. पुढें १६८२ मध्यें संभाजी महाराजांनीं राजपुरीच्या किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत समुद्र बुजवून वाट करण्याचा यत्न केला. ह्या सर्व मोहिमांस शिद्द्यांहूनही एक जुना शत्रु होता, तो म्हणजे पावसाळा. ज्येष्ठ लागला कीं तोडा विझतो, दारू ओलावते, आणि कुंद्याचें लांकूड फुगतें. आश्विनानंतर तेंच लांकूड सुकूं लागतें आणि चैत्र-वैशाखांत नळीपासून सुटतें. वर्षांतून एकदां फुगावयाचें व एकदां आक्रसावयाचें, असें दहा वर्षें चाललें म्हणजे खोबणीच्या कडेस चीर पडते. त्यांत समुद्राच्या खाऱ्या हवेनें खिळे गंजतात, आणि खिळ्याच्या भोंवतालचें लांकूड काळें पडून कुजतें. वाळवी आणि भुंगा यांचें तर सांगावयासच नको.

रामचंद्रपंत अमात्यांचें १७१५ चें आज्ञापत्र आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतों. पण ज्यास पावसाळ्याची धास्ती आहे अशा माणसानें तें लिहिलें आहे, हें वाचतांना पदोपदीं जाणवतें. पावसापूर्वीं तोफांस व गडाच्या दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफांचे कान मेणानें भरावे, वर आच्छादन घालावें, अशी त्यांत ताकीद आहे. त्याच आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाविषयीं जें सांगितलें आहे तें आमच्या विषयास फार जवळचें आहे. आरमारास सागवान वगैरे थोर लांकूड लागतें. तें राज्यांतील अरण्यांतून हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. आंबा व फणस हींही लांकडें उपयोगाचीं. परंतु त्यांस हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन, मग तोडावें. परवानगी तेव्हांही लागे, हें विसरूं नये. पण ती कां लागते याचें कारण रयतेच्या बाजूनें सांगितलें होतें.

आगरदांड्याच्या परिसरांत मी शिक्षक म्हणून नवीन असतांना एका वृद्ध सुताराची ओळख झाली. तो होड्यांचीं कामें करी. परंतु त्याच्या आजोबांनीं ठासणीच्या बंदुकांचे कुंदे तासलेले त्यानें लहानपणीं पाहिले होते. शाळा सुटल्यावर मी त्याच्या पडवींत जाऊन बसत असें. त्यानें सांगितलेलें येथें थोडें विस्तारानें देतों, कारण असें सांगणारीं माणसें आतां राहिलेलीं नाहींत.

तो म्हणे, कुंद्याचें सगळें मर्म रेषेंत आहे. चापाच्या मागें मुठींत धरावयाची जी बारीक जागा असते, तेथें लांकडाची रेष लांबीच्या दिशेनें, वळणाबरोबर वळून गेली पाहिजे. तेथें रेष आडवी आली तर कुंदा दिसावयास कितीही सुबक असो, एक दिवस दस्ता हातांत राहतो आणि नळी जमिनीवर. म्हणून सरळ फळींतून उतरता दस्ता कापूं नये. खोडास फांदी फुटते तेथील नैसर्गिक वळणाचें लांकूड शोधावें. होडीच्या बरगड्यांसाठीं सुतार जसें वांकडें झाड रानांत आधींच हेरून ठेवतो, तसेंच हें. तोडलेलें लांकूड चुलीवरच्या माळ्यावर निदान दोन पावसाळे ठेवावें. धुरानें तें वाळतेंही आणि किडीपासूनही वांचतें.

झाडांविषयीं त्याचीं मतें ठाम होतीं. साग पाणी सोसतो, त्यास कीड लागत नाहीं, पण धक्क्यानें तो रेषेंत चिरतो. शिसव सर्वांत कसदार. परंतु जड, आणि पटाशीची धार खाणारी. फणस हलका, रंगानें पिवळा, घासला कीं आरशासारखा. आंब्याचा कुंदा म्हणजे तीन पावसाळ्यांचा पाहुणा. अक्रोडाचें नांव त्यानें ऐकलें होतें, पण झाड पाहिलें नव्हतें. आणि तें स्वाभाविकच आहे, कारण जगभर बंदुकांसाठीं नांवाजलेलें हें झाड आपल्याकडे काश्मीर व हिमालयाच्या इतर थंड भागांत होतें.

नळी बसविण्याची युक्ति मला सर्वांत आवडली. खोबणी अदमासानें कोरून घेतल्यावर नळीच्या पोटास दिव्याची काजळी तेलांत कालवून लावावी आणि नळी खोबणींत दाबून पुन्हां उचलावी. जेथें लांकूड उंच असेल तेथें काळा डाग उमटतो. तेवढाच डाग पटाशीनें हलकेच काढावा, आणि पुन्हां नळी दाबावी. असें शंभर वेळां. शेवटीं सगळी खोबणी सारखी काळी झाली म्हणजे नळी बसली. विलायतेंतील नामांकित बंदूकवालेही हेंच करतात, हें मीं नंतर वाचलें. काजळीच्या डागावर उतावीळपणें मोठी पटाशी चालविली तर पोकळी राहते, आणि पोकळी राहिली कीं प्रत्येक बाराबरोबर नळी लांकडास आंतून ठोसे मारते. वरून कांहीं दिसत नाहीं. आणि एके दिवशीं कुंदा उभा फुटतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कवायती पलटणी आल्या आणि ही बेतून घेण्याची रीत मागें पडूं लागली. महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉयन होता. त्याच्या पलटणींसाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं विलायती धर्तीच्या बंदुका होत, आणि एक बंदूक सुमारें दहा रुपयांस पडे. रुंद, उतरत्या दस्त्याची, चकमकीची, संगीन लावलेली अशी ही बंदूक. रांगेंतील सगळ्या बंदुका सारख्या हव्यात, म्हणून सगळे कुंदेही सारखे. आतां कुंदा माणसाच्या मापाचा न राहतां माणसानें कुंद्याच्या मापाचें व्हावें, असा काळ आला. युद्धाच्या दृष्टीनें हें फायद्याचें होतें यांत शंका नाहीं.

यानंतर १८५७. काडतुसांची हकीकत सर्वांस पाठ आहे. त्यापुढची मात्र फारशी सांगितली जात नाहीं. एन्फील्ड बंदुकीच्या नळीस आंतून पेचदार खाचा असत, त्यामुळें गोळी फिरत जाई आणि दूरवर नेमकी लागे. बंड मोडल्यावर इंग्रज सरकारनें हिंदी शिपायांसाठीं त्याच घाटाची, पण आंतून गुळगुळीत नळीची बंदूक करविली. बाहेरून पाहणारास दोन्ही सारख्याच. तेंच लांकूड, तोच दस्ता, त्याच पट्ट्या. नेम तेवढा काढून घेतलेला. पुढें कित्येक वर्षें हिंदी शिपायाच्या हातांतील शस्त्र गोऱ्या शिपायाच्या शस्त्राहून एक पिढी मागें ठेवण्याचें धोरण चाललें. कुंद्यावरून बंदुकीची ओळख पटते असें मीं म्हटलें खरें. पण सरकारनें मनांत आणलें तर लांकूडही खोटी साक्ष देऊं शकतें, याचें हें उदाहरण.

आणि मग १८७८ साल. ह्या सालाविषयीं मला थोडें थांबून बोलावयाचें आहे. त्या वर्षीं लॉर्ड लिटनच्या सरकारनें हत्यारांचा कायदा केला. शस्त्र बाळगण्यास परवाना, शस्त्र बनविण्यास, त्यांत फेरफार करण्यास व विकण्यास परवाना. आणि युरोपियनांस नियमांनीं सूट. राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनांतच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. ह्या गोष्टी आपण शाळेंत शिकवितों. परंतु त्याच १८७८ सालीं, त्याच सरकारनें, जंगलाचाही कायदा केला, आणि राखीव रानांतील झाडास हात लावणें गुन्हा ठरलें. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन कायदे दोन निरनिराळ्या प्रकरणांत येतात. म्हणून त्यांचें साल एकच आहे हें ध्यानांत येत नाहीं. कुंदा तासणाऱ्या सुताराच्या पडवींत बसून पाहिलें म्हणजे तें ताबडतोब ध्यानांत येतें. एका वर्षांत त्याचें झाडही कुलुपांत गेलें आणि बंदूकही. जंजिऱ्याचें संस्थान निराळें होतें, तें १९४८ मध्यें विलीन झालें. पण शेजारचे अलिबाग, पेण, रोहें, महाड हे इंग्रजी अमलाखालील तालुके होते आणि तेथें ह्या दोन्ही कायद्यांचा अंमल होता. पुढें २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळ चिरनेरच्या रानांत लोक जंगल-सत्याग्रहासाठीं जमले, आणि पोलिसांनीं गोळीबार केला. माणसें मेलीं. लांकडाचा हक्क मागावयास गेलेल्यांवर बंदुका रोखल्या गेल्या, तेव्हां ह्या दोन कायद्यांची गांठ त्या रानांतच पडली असें म्हणावें लागेल.

सरकारी बंदुकीचा कुंदा ह्या सुमारास कारखान्यांत होऊं लागला होता. कलकत्त्याजवळ इशापूर येथें, जेथें पूर्वीं दारूचा कारखाना होता तेथें, १९०४ मध्यें रायफलचा कारखाना निघाला. तेथें पुढें ली-एन्फील्ड रायफली होऊं लागल्या. हीच आपली प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री. हिचें लांकूड एकसंध नसून पुढचा व मागचा असे दोन मुख्य भाग आहेत. मागचा दस्ता आंतून जाणाऱ्या एका लांब बोल्टानें जोडलेला असतो. त्यामुळें पलटणीच्या आर्मररास थोड्या वेळांत दस्ता बदलतां येई. दस्ते निरनिराळ्या लांबीचे येत. मधलें माप साधारण माणसासाठीं, त्याहून अर्धा इंच आंखूड व अर्धा इंच लांब अशीं आणखी दोन, आणि पहिल्या महायुद्धांत फार ठेंगण्या शिपायांसाठीं पूर्ण एक इंच आंखूड असें चौथें. मापाचें अक्षर दस्त्यावर ठोकलेलें असे. म्हणजे कवायती काळांत जें गेलें तें कारखान्याच्या काळांत अर्ध्या-अर्ध्या इंचानें परत आलें.

ह्या रायफलीचीही एक खोड होती. मागचा बोल्ट पुढच्या लांकडांत अडकलेला असे. तेव्हां पुढचें लांकूड आधीं न काढतां कोणी घाईनें मागचा दस्ता पिळून सोडवूं गेला तर पुढचें लांकूड आंतून फुटे. जागतिक कीर्तीचें हत्यार. पण कोणता खिळा आधीं हें न समजणाऱ्या हातांत तें टिकत नसे. शिवाय हिंदुस्थानांतील उन्हाळा व पावसाळा यांच्या ओढाताणीनें पुढच्या लांकडास चीर जाई, म्हणून इशापुरास त्यांत एक आडवा स्क्रू घालूं लागले. जुन्या रायफलींचे परदेशी शौकीन आजही त्या स्क्रूस इशापूरच्याच नांवानें ओळखतात. ऑस्ट्रेलियांत लिथगोच्या कारखान्यानें तेथील हलकें लांकूड वापरलें आणि धक्का बसतो त्या जागीं तांब्याचे तुकडे बसविले. प्रत्येक देशानें नळी तीच घेतली आणि लांकडाचा तोड आपापल्या हवेप्रमाणें काढला.

पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसापोटेमियांत गेल्या. कूत-अल-अमारा येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं जी फौज शरण गेली तींत १०३, ११० व ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणी होत्या. या पलटणींत कोंकणचीं माणसें पुष्कळ. ज्यांच्या आजोबांनीं कुंदा आपल्या गालास लावून बेतून घेतला, त्यांचे नातू अक्षर ठोकलेला दस्ता खांद्यास लावून वाळवंटांत उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरही ही रायफल फार दिवस टिकली. १९६२ च्या युद्धांत ती होती. पोलिसांकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षें राहिली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तिला निरोप दिला तो जानेवारी २०२० मध्यें. सैन्यांत इन्सास आली आणि लांकडाच्या जागीं प्लॅस्टिक आलें. तें फुगत नाहीं, त्यास वाळवी लागत नाहीं. शिपायाच्या दृष्टीनें हें चांगलेंच झालें, आणि ज्यास पावसांत पहारा करावयाचा नाहीं अशा माझ्यासारख्यानें त्याबद्दल हळहळूं नये.

लांकडी कुंदा आमच्याकडे उरला तो शेतराखणीच्या बंदुकींत. रानडुकरें व वानर यांच्यापासून भात, नारळ, केळी राखण्यासाठीं कोंकणांतील शेतकऱ्यांस परवान्यानें बंदूक मिळते. निवडणुका आल्या कीं ती पोलीस ठाण्यांत जमा करावयाची आणि नंतर परत आणावयाची. मुठीच्या जागीं तांब्याची तार गुंडाळलेल्या अशा बंदुका मीं खाडीकांठच्या गांवांत पाहिल्या आहेत. तार गुंडाळली आहे म्हणजे लांकूड चिरलें आहे, आणि चिरलेलें लांकूड बदलावयाचें तर गांवच्या सुताराकडे जातां येत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पांचव्या कलमांत बनविणें, विकणें, फेरफार करणें यांबरोबर दुरुस्त करणें हाही शब्द घातलेला आहे. परवाना असलेल्या दुकानदारानेंच तें करावयाचें. कायदा अकारण कडक आहे असें मी म्हणणार नाहीं. १९९३ च्या जानेवारींत आगरदांड्याच्या समोरच दिघीच्या धक्क्यावर, आणि फेब्रुवारींत शेखाडीस, शस्त्रें व स्फोटकें चोरून उतरलीं, आणि मार्चमध्यें मुंबईवर काय ओढवलें तें सर्वांस ठाऊक आहे. ह्या खाडीवर राहणाऱ्यास दक्षतेचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. तरी शेतकऱ्यानें तार गुंडाळून बार काढावा यांत त्याच्याच डोळ्यास धोका आहे, आणि तालुक्याच्या गांवीं परवानाधारक दुरुस्तीची सोय असणें ही मागणी गैर म्हणतां येणार नाहीं.

राहतां राहिल्या त्या घरोघरच्या, भिंतीवरच्या बंदुका. शहरांतील अनेक घराण्यांत पूर्वजांची एखादी तोड्याची किंवा चकमकीची बंदूक असते, आणि दिवाळीच्या साफसफाईंत तिचा कुंदा भुंग्यानें पोखरलेला आहे असें आढळतें. मग कोणी तरी चांगल्या सुतारास बोलावून नवा सागवानी कुंदा करवावा, त्यावर चकचकीत व्हार्निश द्यावें, असें ठरतें. माझी विनंती आहे कीं असें करूं नये. एक तर कायद्याची बाजू पाहा. जुन्या घाटाचें किंवा मोडकें शस्त्र, जें दुरुस्त करूनही वा न करतांही बंदूक म्हणून चालण्याजोगें नाहीं, तें १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें त्या कायद्यांतून वगळलेलें आहे. दुरुस्त करूनही, हे शब्द ध्यानांत घ्यावे. हौसेनें केलेली दुरुस्ती उद्यां आपणांस परवान्याच्या कचेरींत नेऊं शकेल. तेव्हां ती वस्तु सूट मिळण्याजोगी आहे कीं नाहीं याचा निर्णय आधीं तेथूनच करून घ्यावा.

दुसरी बाजू इतिहासाची. कीड थांबवावयाची असेल तर वस्तुसंग्रहालयाच्या जाणकारास विचारून ती थांबवावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत वा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जुनीं शस्त्रें कशीं ठेवलीं आहेत तें एकदां पाहून यावें. परंतु लांकूड टाकूं नये. नळीवरचा सोन्याचा वेल सोनाराकडून दुसऱ्यांदाही काढून घेतां येतो. जुन्या दस्त्यावर गालाच्या घामानें झालेला काळसर डाग, वादीच्या आवळण्यानें पडलेला खोलगट वळ, आणि फुटलेल्या सागांत कोणी तरी बेमालूम बसविलेली फणसाची पिवळी ढलपी, हीं दुसऱ्यांदा होत नाहींत. अशी एक ढलपी मीं आगरदांड्यास एका घरीं पाहिली. ती बसविणारानें तिची रेष मूळ लांकडाच्या रेषेशीं तंतोतंत जुळविली होती.